दसऱ्यापर्यंत थांबलेली नोंदणी

लस टोचून झाल्यावर राजीव सिटीवेस्टच्या लसीकरण हॉलमध्ये काही त्रास होतोय का हे बघायला पंधरा मिनिटं बसला होता. परक्या देशात मागच्या खुर्च्यांवरून मराठी ऐकू आलं, तशी त्याने नजर मोबाइलमध्ये घातली आणि कान मागे ठेवले.

“स्वरांगी, तुझ्या वडापावच्या गाडीवर बँकेचा हक्क उरलेला नाही. कर्जाच्या तारणाची नोंदणी सह्या झाल्यापासून एकवीस दिवसांत व्हायला हवी होती.”

“पाठवली होती की मी, अंबरीशदादा. दसऱ्याला.”

“आणि कर्जाच्या कागदांवर सह्या?”

“त्या पितृपक्षात. बँकेला घाई होती. नोंदणी मी करते म्हटलं, पण पुढे अधिक मास लागला. आई म्हणाली, चांगल्या दिवशी कर.”

“चांगला दिवस बँकेला महागात पडला. उशिराची नोंदणी ग्राह्य धरत नाहीत.”

“मग गाडी माझी?”

“नाही गं. गाडी तुझ्या कंपनीच्या नावावर, आणि कंपनी बुडाली. आमच्या ऑफिसातला लिक्विडेटर, बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणारा, ती विकून सगळ्यांची देणी थोडी थोडी भागवणार.”

“डून लेरीला बंदराच्या धक्क्याजवळच उभी आहे अजून. दर रविवारी डार्ट लोकलने जाऊन बघून येते मी.”

“बघून काय करतेस?”

“समोर बसून चहा पिते. दुसऱ्याच्या गाडीवरचा.”

“तूच विकत घे ना.”

“कशाने?”

नर्स येऊन राजीवला म्हणाली, तुम्ही ग्रँड आहात, काही त्रास नाही, निघा आता. तो बसूनच राहिला.

“दादा, जो कोणी घेईल त्याला एवढं सांगशील? शटर अडकतं. खालून गुडघा लावला की उघडतं.”