मंजुषाताईंचं पारडं

—नाही हो काका, हरवलं नाही तुमचं पार्सल, हे काय समोर पारड्यात आहे! पण काढू कसं? दुसऱ्या पारड्यात आमचा महेश बसलाय ना, डिलिव्हरीवाला, दाणकन आपटेल बिचारा. त्याचं झालं की देतो. बसा. मी इथला इनचार्ज, ज्ञानेश. — हसू नका, मुंबई ऑफिसचा मेल आहे, रोज सगळ्यांचं लोड बॅलन्स करा म्हणून. आता बॅलन्स म्हणजे काय? तराजूच ना! पिंपळगावच्या मंडपवाल्याकडून आणला, पुढाऱ्यांची पेढेतुला करतात तो. एकीकडं माणूस, दुसरीकडं त्याची पार्सलं, काटा सरळ झाला की निघायचं. आधी रोज सकाळी बोंब — साहेब, त्याला जास्त, मलाच कमी! आता बोलेल का कुणी? हां, पार्सलमागं पैसे मिळतात म्हणून जो तो वजन वाढवतोय, ते वेगळं. हा महेश दोन-दोन मिसळी हाणून येतो. शेखर तर खिशात कांदे भरून आला — कांदे! आणि नेमकं कुणीतरी दगडी जातं मागवलेलं, गेला त्याचा अख्खा दिवस त्या एका पार्सलात.

तुमचंच का राहिलं? आता कसं सांगू... ते मंजुषाताईंच्या वाट्याचं. आमच्याकडं बाई म्हणून त्या एकट्याच, आणि अंगानं अशा की फुंकर मारली तर सीबीएस स्टँडवर जाऊन पडतील. त्यात तुमचं म्हसरूळ लांब, ऊन हे असं — मी काटा मारला. म्हणजे पार्सलांच्या पारड्यावर अंगठा दाबला, जरासा हो! दोन पार्सलांतच काटा सरळ. — हो, रोजच. मग दुपारीच मोकळ्या होतात, इथंच डबा खातात, मला शेंगदाण्याची चटणी वाढतात. कुणाचं काय बिघडलं? महेशला काय विचारता, त्याच्या कानात गाणी आहेत.

पण काल त्यांनी अंगठा बघितला. अशा भडकल्या! ‘साहेब, पोटावर पाय देता माझ्या? मला हलकी समजता काय?’ आणि मी गाढव, म्हणालो, ‘हो, सगळ्यात हलक्या तुम्हीच!’ — वजनाचं बोलत होतो हो मी! आता सातपूरला चालल्यात, दुसऱ्या कंपनीत. जाऊ देत, मला काय, माणसं येतात, जातात. फक्त काल चटणीविना डबा तसाच घरी नेला. बोलणार तरी कसं? सगळे ताई म्हणतात म्हणून मीही पहिल्या दिवशी ताई म्हणून बसलो, आपल्याच तोंडानं घात केला —

आल्या. हलू नका काका. — मंजुषाताई... ताई नाही. मंजुषा. ते ओळखपत्र टेबलावर ठेवू नका. चुकलो मी, तुमचा घास काढला, खरंय. उद्यापासून पूर्ण माल घ्या, दुप्पट घ्या, कमी पडलं तर तुमच्या पारड्यात मी बसतो तुमच्या शेजारी... रोज... कायमचाच... म्हणजे वजनाचं बोलतोय मी. — नाही. वजनाचं नाही बोलत.

काका, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का?