उसना आवाज

(हेब्बाळमधला, कन्नड सिनेमांचा एक डबिंग स्टुडिओ. बाहेरचा जिना. मथुराबाई आणि त्यांच्या भावाची मुलगी भव्या.)

मथुरा : म्हणजे माझं काम दुसरीनं करून टाकलंय. मग मला बोलावलंस कशाला?

भव्या : मी नाही बोलावलं, आत्या. ऑफिसातून चुकून फोन गेला. जुन्या यादीत तुझं नाव राहिलं होतं.

मथुरा : दोन बस बदलून आले गे. दार उघडते तर पडद्यावर मी, आणि माइकपुढं ती पोरगी. ओठ माझे हलतायत, बोलतेय ती.

भव्या : आज संध्याकाळी घरी येऊन सांगणार होते.

मथुरा : एवढे दिवस काय झालं होतं?

भव्या : धीर झाला नाही.

मथुरा : सेटवर शंभर माणसांना ओरडतेस की!

भव्या : निर्माते म्हणाले, बाईंच्या कन्नडला मराठी हेल आहे.

मथुरा : असणारच! चिकपेटेतली, घरात मराठी बोलणारी बाई तूच लिहिलीस ना? माझ्या स्वयंपाकघरात बसून? मी बोलायची, तू उतरून घ्यायचीस.

भव्या : ते नंतर बदललं. आता ती नुसती हिरोची आई आहे. कुठलीही.

मथुरा : कुणी बदललं?

भव्या : मीच.

मथुरा : सरी. बरं.

भव्या : नाहीतर माझी पटकथा घेऊन दिग्दर्शन दुसऱ्याला देणार होते. तीन वर्षं ती घेऊन फिरले मी, आत्या. सगळे म्हणायचे, तू नटी आहेस, नटीचंच काम कर.

मथुरा : आणि नटी होतीस तेव्हा? पाच सिनेमे केलेस, एकातही तुझा आवाज नाही. पहिला बघून थिएटरातच रडलीस. आत्या, ही मी नव्हेच, म्हणालीस. तिथनं तर लिहायला लागलीस.

भव्या : म्हणूनच तुला तोंड दाखवता येईना.

मथुरा : तुझा आवाज परक्या माणसांनी काढला होता गे.

भव्या : पुढच्या सिनेमात तुझाच आवाज ठेवीन. शपथ.

मथुरा : सदुसष्ट संपलं मला. नाटक कंपनीत होते तेव्हा मालकही असंच म्हणायचा, पुढच्या नाटकात बघू. तो निदान शपथ घेत नव्हता.

भव्या : रागाव माझ्यावर. दोन शिव्या दे. असं बोलू नकोस.

मथुरा : जाते मी. स्वल्प थांबले तर बस चुकेल.

भव्या : गाडी सोडेल तुला.

मथुरा : नको. आणि त्या पोरीचं बघ. मुलगा दार ओढून जातो, तिथं ती हुंदका देतेय. मी नव्हता दिला. नुसता श्वास घेतला होता.

भव्या : तूच आत येऊन दाखव ना तिला.

मथुरा : नाही गे. ते दिग्दर्शकानं सांगायचं असतं.