कण्हेरीचा आडोसा

अरे, आमच्या कुंपणाची गंमत सांगितलीच न्हाई तुम्हाला! लातूरला आमच्या घराला लागूनच गंगाकाकूंचं घर, अन् मधली भिंत कमरेएवढी. मी अंगणात दात घासायला आलो की पलीकडून हाळी ठरलेली, "काय रे, आज उशीर झाला उठायला?" दोरीवरचा माझा फाटका बनियनसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता.

शेवटी मी भिंतीच्या कडेनं पांढऱ्या कण्हेरीची रांगच लावली. बारा महिने हिरवी, फुलंही येतात, अन् शेळ्या तोंड लावत न्हाईत. शेंडे छाटत गेलो, तशी ती इतकी दाट झाली की पलीकडचं काहीच दिसेना! लई खूश झालो मी. सकाळी अंगणात खुर्च्या टाकल्या. बायको दोन कप चहा घेऊन आली, तिच्या कपात साखर ढवळून बसली. मी जोरात म्हणालो, "आता बघा म्हणावं काकू, कसं बघताय ते!"

तेवढ्यात कण्हेर गदागदा हलली. पानांतून एक हात बाहेर आला अन् फुलं तोडायला लागला.

"मी कशाला बघू रे बाबा? सोमवार हाय, महादेवाला फुलं तोडायलेय."

ओंजळभर फुलं घेऊन हात आत गेला. मग पानांतून पुन्हा आवाज आला, "पण काय रे, चमचा एकाच कपात वाजला. तुला शुगर निघाली की काय?"

परवाच निघाली होती, लेको! मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं!