झील धरणारा गेला

आमचा जल्म मिठागरावरचा, बाय. बापानं मीठ ओढलं, सासऱ्यानं ओढलं, मी लगीन होऊन कोपरला आले ती पन डोक्यावर मिठाची पाटी घेऊनच समज. आता पोरांनी बिल्डिंग बांधलीय, लिफ्ट हाय, मला काय कमी नाय, पन तू अभंगाचं इचारलंस म्हनून सांगते, घरात मला एक ओळ कदी सुचली नाय. भिंतीकडं बगून देव दिसतो का कुनाला? मला तो खाडीवर दिसायचा, तिवरांत, खंड्याच्या चोचीत, चिखलात उड्या मारनाऱ्या मासळीत, निवट्यांत.

लिवता येत नाय मला, आनि ध्यान असं की नवी ओळ आली की जुनी पळाली. मंग आमचे मालक, पोरांचे बाप, मिठागराच्या बांधावर माज्या बाजूला बसायचे. देवाधर्माचं त्यांना काय नव्हतं, विडी ओढायचे, देवळात जायचा कंटाळा. पन भजनात कशी बाकीची मंडळी मागून ओळ उचलतात, झील धरतात, तशी ते माजी झील धरायचे. मी ओळ बोलले की ते मागून बोलायचे आनि म्हनायचे, पुढं? त्यांच्या तोंडातून एकदा गेली की ती ओळ कायमची ऱ्हायली. अभंग सरला तरी सवयीनं पुढं म्हनायचे, मी म्हनायची, अवो सरला की. गावातले बाप्ये हसायचे, बायकोची झील धरतो म्हनून. हसू दे मेल्यांना. मला कुठं मंडळात जायचं व्हतं, माजं मंडळ बांधावर बसलेलं.

गेल्या साली छातीत दुखलं म्हनून त्यांना ठान्याला दवाखान्यात नेलं. आदल्याच दिवशी आमी नवा अभंग धरलेला, शेवटचं कडवं बाकी व्हतं. खाटेवर पडल्या पडल्या सगळा म्हनून दाखवला आनि म्हनाले, पुढं? काय सांगू तुला, समोर नुसती पांढरी भिंत गं. मी म्हनले, अवो घरी चला, बांधावर गेल्यावर सांगते. ते बरं म्हनाले. दुसऱ्या दिवशी घरी आनलं ते खांद्यावरून न्यायलाच.

सून चांगली हाय माजी, मोबाईल दिला, म्हनाली आई यात बोला, सगळं ऱ्हातं. बोलले. तो माजाच आवाज मला परत ऐकवतो, पुढं म्हनत नाय. माजे सगळे अभंग त्या मानसासंगं जळाले.

परवा बांधावर गेले. अर्ध्यात राडारोडा टाकलाय, पन तिवरं हायेत, ओहोटी व्हती. आनि मेलं ते शेवटचं कडवं आलं. आता येऊन काय उपेग? पयलं तेवढं ध्यानात हाय,

ओहोटी लागली, उघडा चिखल,
त्यातही विठ्ठल उभा दिसे.

मदली दोन त्यांच्याबरोबर गेली. किती आठवते, नाय येत. आनि हे शेवटचं, माज्या मागून म्हन,

भरती येईल, झाकेल हा गाळ,
तोवर सांभाळ पांडुरंगा.

हां. चांगलं म्हनलीस, गळा गोड हाय तुजा, देव तुला सुखात ठेवो. पन परत नको म्हनू बाय. तू म्हनून गप ऱ्हायलीस ना, तितंच माजं काळीज तुटलं.