त्यांच्या हातची माळ

माझं माहेर केंदूरचं आन् सासर खुटबावचं. आमी धनगराची माणसं. सासऱ्यांच्या वक्ताला मेंढरं व्हती, मंग भीमेकाठी थोडी जमीन झाली आन् घर एका जागी बसलं. सासरे मी बघितलेच न्हाईत, ते लवकर गेले. मी लगीन होऊन आले तवा घरात आमचे मालक आन् आत्याबाई, म्हंजी माझी सासू, दोघंच. आत्याबाई लई कमी बोलायच्या, बोलल्या तरी पाठमोऱ्या.

काय सांगू ताई, मालकाला दगडाचा भारी नाद. नदीला गेले का मान खाली. लाल, पिवळे, दुधी, रेघारेघांचे गोटे गोळा करायचे आन् घरी आणून वाळू-पाण्यात घासत बसायचे, पार आरशावानी होईस्तवर. मी म्हणायची, अवो, दगडं खाऊन प्वाट भरतं का? ते नुसते हसायचे. एकदा काठाच्या मातीत त्यांना शंख घावला, गोगलगायीचा, पर पार दगड झाल्याला, जड आन् गार. मी म्हनलं, किती जुना असंल ओ? ते म्हनले, आपल्या देवांच्या बी आधीचा. मी म्हनलं, असं बोलू नये.

तो शंख मधी, दोन्ही अंगाला खडे, एकेक खडा तांब्याच्या तारंत बांधून त्यांनी माळ केली आन् माझ्या गळ्यात घातली. लग्नात काळ्या मण्याबिगर काय घालता आलं नव्हतं, ते त्यांच्या मनात ऱ्हायलं व्हतं. वर शिकवलं बी, साबण लावू नको, नुसत्या पाण्यानं धू. तार काळी पडली म्हणून चिंच लावशील, तर लावू नको, आंबट लागलं का शंख झिजतो. काढलीस तर सुती चिंधीत गुंडाळून ठेव.

मंग दुष्काळ पडला. मालक राहूकडं विहिरीच्या कामाला जाया लागले. सुरुंगाचं काम. एक दिस एक सुरुंग उडालाच न्हाई. माणसांनी लई वाट बघितली, मंग हे बघाया खाली उतरले आन् तवाच तो उडाला. बैलगाडीतनं आणलं, त्वांड झाकल्यालं व्हतं.

बाया जमल्या. माझी चुलत सासू फुडं झाली. बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं, काळे मणी तोडले, ते मी करू दिलं. मंग तिनं ह्या माळंला हात घातला आन् मी दोन्ही हातांनी माळ धरली. ती म्हनली, सोड, आता तुला दागिना कशाला, लोक त्वांडात शेण घालतील. मी म्हनलं, ह्यो दागिना न्हाई. ती म्हनली, मंग काय हाय?

आत्याबाई कोपऱ्यातनं उठल्या. मला वाटलं, आता ह्याच तोडणार. त्यांनी चुलत सासूचं मनगट धरलं आन् म्हनल्या, कुकू त्याच्या नावाचं, ते पुसलं. मणी त्याच्या नावाचे, ते तोडले. ही माळ त्याच्या हातची हाय. माझ्या पोराचे हात मला आता कुठं बघाया मिळायचे? ऱ्हाऊ दे. चुलत सासूनं हात मागं घेतला.

मंग माझ्या लेकराला झोळीत घालून आमी दोघी खडी फोडाया जायचो. घामानं तार हिरवी पडायची, गळ्याला डाग पडायचा. सुट्टीच्या दिशी मी तार पुसत बसायची. असंच एकदा बसले व्हते, आत्याबाई शेजारी आल्या, पाठमोऱ्याच बसल्या. म्हनल्या, खडे उरल्यात का त्याचे? म्हनलं, व्हय, पिशवीभर हायती. मंग माझ्यासाठी बी कर एक. बारीक कर, पदराखाली दिसायची न्हाई अशी.

तरणेपणीच त्या बाईचा गळा मोकळा झाल्याला, ताई. मी आपल्या ह्या येड्यावाकड्या हातांनी केली माळ. घातली तवा त्यांनी आरसा मागितला. लई येळ बघत ऱ्हायल्या. आधी पदर फुडं वढला, आन् मंग हळूच मागं सारला.

त्या गेल्या तवा ती माळ मी काढली न्हाई, कुणाला काढू बी दिली न्हाई. मी गेले का माझी बी तशीच गळ्यात ठिवून न्या म्हणून नातीला सांगून ठिवलंय. नदीतले गोटे वाळूवाल्यांनी नेले, माझी नजर बी गेली. चालायचंच. तुमी लांबनं आला, बसला, इचारलंत. तुमच्या घरची माणसं कामावरनं रोज धडधाकट घरी येवोत, बाई, दुसरं काय मागू.