तक्रारींचं कार्ड

हिंजवडीच्या ऑफिसला दांडी मारून मैत्री शनिवार पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे बसली होती. शेजारच्या खुर्च्यांवरचे आजी-आजोबा सुरू झाले, तसा तिने लॅपटॉप मिटला.

"अहो, हा कार्डांचा खोका दवाखान्यात कशाला?"

"ग्रंथालयात जन्म गेला माझा. उभा संसार अकारविल्हे लावलाय यात."

"मग माझं कार्ड काढा."

"हे घे. 'ललिता. पाहा: बायको.'"

"आणि बायको?"

"'बायको. पाहा: तक्रारी.'"

"द्या ते तक्रारींचं इकडे. अहो, हे तर कोरं!"

"काय लिहिणार? एकही ऐकू आली नाही."

"म्हणून तर इथे आणलंय तुम्हाला."

तेवढ्यात आतून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मैत्रीला अक्षरही कळलं नाही.

"चल, आपलाच नंबर!" म्हणत आजोबा ताडकन उठले.