सेवेत खंड नाही

औद्योगिक न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश खासनीस सोलापुरातल्या दवाखान्यात, डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"नरसय्या, तुझ्या निकालात काय आलं होतं रं?"

"कामावर परत घ्या, सेवेत खंड नाही. खासनीससाहेबांनी दिला."

"पण तवर गिरणी पाडली हुती की!"

"तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो."

"येडा का खुळा?"

"मी कापड विणायचो तो साचा होता तिथं गवतात बसलो. जेवणाचा भोंगा झाला, मग डबा सोडला."

"भोंगा? कुठला भोंगा?"

"झाला की. रोज होतो. आज डोळ्यांपायी पहिलाच खाडा."

"साहेबाला सांगायचं, गिरणीच नाही म्हणून."

"भला माणूस. कशाला त्याची झोप मोडायची?"

नर्स आली. "काका, उघडा आता डोळे."

"राहू दे गं," खासनीस म्हणाले, "अजून थोडा वेळ."